यादीत नसलेली मैदानं

माझ्या टेबलाच्या खणात कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा आहे. त्याच्या एका बाजूला काळ्या मार्करने 42 लिहिलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तो दोनदा गॅलरीतल्या दोरीला लावला आणि मी दोनदा काढून परत खणात ठेवला. दीड वर्ष अमेरिकेत राहून पोरगा काय घेऊन आला, तर चिमटा, असं आई अजून पाहुण्यांना सांगते.

हा चिमटा मला मेरीलँडमधल्या एका मॉडेल विमानांच्या क्लबातल्या आजोबांनी निघताना दिला. आजोबा म्हणजे निवृत्त पोस्टमन, वय पंच्याहत्तरच्या पुढे. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही त्यांना नावानेच हाक मारायचो, पण मनात ते आजोबाच होते. क्लबाचं मैदान वॉशिंग्टनपासून वीसेक मैलांवर, एका बंद झालेल्या कचरा डेपोवर होतं. (कचरा डेपो म्हटलं की पुणेकराला उरुळी-फुरसुंगी आठवते. हा तसा नव्हता. कचऱ्यावर मातीचा जाड थर, त्यावर गवत, मधेमधे आतला वायू बाहेर सोडणारे पाइप.) कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लाकडी फळी होती आणि त्या फळीवर 11 पासून 60 पर्यंत आकडे टाकलेले पन्नास चिमटे. मी गेलो तेव्हा त्यांना कुणी हात लावत नसे. पूर्वी मात्र त्यांच्याशिवाय एकही विमान उडत नसे.

मैदान बंद पडतं म्हणजे काय होतं, ते मी त्याआधी पुण्यात पाहिलं होतं. इंजिनिअरिंगला असताना आमच्या ग्रुपची दहा-बारा पोरं रविवारी सकाळी नदीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर सनबोर्डची विमानं उडवायची. 2014 च्या ऑक्टोबरात डीजीसीएने जाहीर सूचना काढून नागरी वापरासाठी मानवरहित विमानं उडवायला मनाई केली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. थर्ड इयरच्या दिवाळीनंतर गेलो तर प्लॉटला पत्र्याचं कुंपण आणि दारात वॉचमन.

"काका, तासभरच उडवतो. सामान आणत नाही, काही नाही."

"साहेबांचं पत्र आणा."

"कुठले साहेब?"

"ते मला काय माहीत? पत्र आणा."

तो शेवटचा रविवार. कुणी मनाईहुकूम काढला नाही, आमच्या नावाने तक्रारही झाली नाही. आमच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता, एवढंच.

अमेरिकेतल्या या छंदाचा इतिहास मी नंतर हौसेने वाचत गेलो, तेव्हा जाणवलं की तोही पुष्कळसा कागदांचाच इतिहास आहे. विमानं त्यात आहेतच, पण कुठलं मैदान राहिलं आणि कुठलं गेलं हे बहुतेक वेळा कागदावर ठरलेलं आहे.

सुरुवातीला मैदान लागतच नव्हतं. रबर पिळून उडणारी बाल्साची विमानं कुठल्याही कुरणावर चालत. मग विल्यम ब्राउन नावाच्या फिलाडेल्फियाच्या पोराने एक चिमुकलं पेट्रोल इंजिन बनवलं आणि मॅक्सवेल बॅसेटने ते विमानावर बसवून 1932 च्या राष्ट्रीय स्पर्धेत आणलं. पुढच्या वर्षी बॅसेटने रबरवाल्यांना इतकं मागे टाकलं की इंजिनवाल्यांचा गटच वेगळा करावा लागला. या विमानांवर खालून कसलाही ताबा नसे. टाकीत पेट्रोल घालायचं, सोडायचं आणि मागे पळायचं. ते शेजारच्या गावात उतरलं तर नशीब, झाडावर अडकलं तरी नशीब. साहजिकच लोकांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स, म्हणजे एएमए, ही छांदिष्टांची संघटना 1936 साली उभी राहिली ती या काळात. विमा, सुरक्षिततेचे नियम आणि स्पर्धा या तीन गोष्टी तिने हातात घेतल्या. त्यातला विमा ही सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

1937 मध्ये मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं रेडिओने चालणारं विमान उडवलं. तेव्हा रेडिओ वापरायचा तर हॅम लायसन्सची परीक्षा द्यावी लागे, त्यामुळे ही मंडळी मोजकीच होती. पन्नाशीच्या दशकात परीक्षेशिवाय वापरता येणारी 27 मेगाहर्ट्झची लहर खुली झाली आणि गर्दी वाढली. पुढे विमानांसाठी 72 मेगाहर्ट्झचा पट्टा आला. त्यात शेवटी 11 ते 60 असे पन्नास चॅनेल ठरले.

चिमटे इथे येतात. तुमचा ट्रान्समीटर 42 व्या चॅनेलवर आहे, तुमचं विमान हवेत आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाने 42 वरचाच ट्रान्समीटर चालू केला, तर तुमचं विमान त्या क्षणापासून कुणाचंच राहत नाही. म्हणून फळी. ट्रान्समीटर चालू करायच्या आधी 42 चा चिमटा काढून स्वतःच्या अँटेनाला लावायचा. चिमटा फळीवर नसेल तर गप बसून राहायचं. (मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, नोकरी अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही याला म्युटेक्स म्हणतो आणि नवीन पोरांना तो समजवायला अर्धा दिवस घालवतो. आजोबांच्या क्लबात आठ वर्षांची नातवंडं तो पाळत होती.) लहरी हद्द ओळखत नाहीत. त्यामुळे दोन क्लब एकमेकांपासून दोन-तीन मैलांत असले तर त्यांना चॅनेल वाटून घ्यावे लागत. एकट्याने कुठेतरी कोपऱ्यात उडवणं शक्य होतं, पण धोक्याचं होतं. मैदान म्हणजे नुसती जागा नव्हती. ज्यांची विमानं एकमेकांना पाडू शकत होती, अशा सगळ्यांनी एका फळीसमोर यायचं ठिकाण होतं ते.

ही मैदानं मिळत कुठे? ज्या जमिनीचा दुसऱ्या कुणाला उपयोग नाही तिथे. कचरा डेपोवर इमारत बांधता येत नाही, म्हणून तिथे. लॉस एंजेलिसमध्ये 1938 च्या पुरानंतर सेपुल्वेदा धरण बांधलं गेलं. पूर आला की पाणी साठावं म्हणून धरणामागची जमीन मोकळी ठेवली आहे. तिथे 'अपोलो इलेव्हन' नावाचं मॉडेल विमानांचं मैदान आहे. न्यूयॉर्कचा पहिला सरकारी विमानतळ फ्लॉइड बेनेट फील्ड. खरी विमानं तिथून गेली आणि त्याच्या प्रचंड काँक्रीटवर छोटी विमानं उडू लागली. उरलेले क्लब शेतकऱ्यांच्या पडीक तुकड्यांवर. भाडेपट्टा वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. शहर वाढतं, जमिनीला भाव येतो, शेजारी घरं येतात, घरांतल्यांना आवाजाचा त्रास होतो, आणि क्लब दहा मैल पुढे सरकतो. आजोबांनी हयातीत चार मैदानं बदलली होती. चौथं कचऱ्यावर मिळालं म्हणून ते खूश होते, कारण तिथे सोसायटी होणार नाही याची खात्री.

या हलवाहलवीत क्लब तगले ते त्या कंटाळवाण्या विम्यामुळे. एएमएच्या सभासदाच्या विमानाने कुणाचं नुकसान केलं तर पंचवीस लाख डॉलरपर्यंत भरपाईचं संरक्षण, आणि जमीनमालकाचं नावही त्याच विम्यात घालून दिलेलं प्रमाणपत्र. काउंटीच्या कारकुनाला विमानांत रस नसतो. त्याला फायलीत लावायला कागद हवा असतो, आणि तो क्लबाकडे असायचा. आमच्या वॉचमनकाकांना हवं होतं ते पत्र हेच.

सरकारचा या सगळ्याशी संबंध फार कमी होता. फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, 1981 मध्ये एक पानी सल्लापत्रक काढलं. 400 फुटांच्या वर जाऊ नका, विमानतळाच्या तीन मैलांत असाल तर कळवा, वस्तीपासून लांब उडवा. पाळणं ऐच्छिक. तीसेक वर्षं तेवढ्यावर भागलं.

मग 2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर आले. ते मोकळा चॅनेल आपला आपण शोधतात. फळीची गरज संपली. पाठोपाठ स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे चार पंख्यांचे ड्रोन आले. आता उडवायला ना शिकावं लागे, ना क्लबात यावं लागे. इंजिनिअर म्हणून मला यात एक गंमत दिसते. ज्या तंत्राने माणसाला मैदानातून मोकळं केलं, त्यानेच मैदानाच्या गळ्याशी फास आणला. कुणीही कुठेही उडवू लागल्यावर सरकारला लक्ष घालावंच लागलं. 2015 च्या जानेवारीत एक ड्रोन थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पडला. 2018 च्या डिसेंबरात ड्रोन दिसल्याच्या बातम्यांवरून लंडनचं गॅटविक विमानतळ नाताळच्या तोंडावर बंद पडलं. हवेत जे उडतंय ते कुणाचं, हे विचारायचा अधिकार सरकारला असावा, याबद्दल मला स्वतःला शंका नाही.

एएमएने हे वारं ओळखून 2012 मध्ये संसदेकडून एक कलम मिळवलं होतं, 336 नंबरचं. राष्ट्रीय पातळीवरच्या संघटनेच्या सुरक्षा नियमांनुसार, छंदासाठी, 55 पौंडांच्या आतलं मॉडेल विमान कुणी उडवत असेल, तर एफएएने त्यावर नवे नियम करायचे नाहीत. छंदाला असं चिलखत क्वचितच मिळतं. पण ते कायद्यात असूनही 2015 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनभोवतीच्या 30 मैलांतल्या क्लबांना विमानं खाली ठेवायला सांगितलं गेलं. राजधानीभोवतीची हवाई हद्द 9/11 पासून बंदिस्त होती, आणि एफएएच्या नव्या पत्रकात त्या हद्दीत मॉडेल विमानांनाही मनाई आली होती. आजोबांचं मैदान त्यात सापडलं. ते सांगायचे, की नाताळात नातवाला नवं विमान दिलं आणि उडवायला त्याला पेनसिल्व्हेनियात घेऊन गेलो. 2016 च्या फेब्रुवारीत 15 ते 30 मैलांच्या पट्ट्यातल्यांना अटींवर परवानगी मिळाली. आजोबांचा क्लब वाचला. 15 मैलांच्या आतल्यांना ती मिळाली नाही.

2018 च्या ऑक्टोबरात संसदेने 336 वं कलमच रद्द केलं. चिलखत गेलं.

2019 च्या ऑक्टोबरात कंपनीने मला मेरीलँडला पाठवलं. पहिल्याच महिन्यात मी हे मैदान शोधून काढलं. शनिवार सकाळ, हातात थर्मास, आठ-दहा म्हातारे, दोन-तीन पोरं. मी बाल्साला हात लावला तो तिथे पहिल्यांदा. आणि 31 डिसेंबरला, जगाचं लक्ष भलतीकडे असताना, एफएएने रिमोट आयडीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तीनशेहून जास्त पानं. मतं मांडायला साठ दिवस, 2 मार्च 2020 पर्यंत.

कल्पना अशी, की प्रत्येक ड्रोनने आणि मॉडेल विमानाने उडताना आपला क्रमांक आणि ठिकाण सतत कळवत राहायचं. म्हणजे उडती नंबरप्लेट. मसुद्यात हे इंटरनेटवरून करायचं होतं. शिवाय प्रत्येक विमानाची वेगळी नोंदणी. आजोबांच्या तळघरात एकतीस विमानं टांगलेली होती. काही त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, कागदी नकाशावरून कापून चिकटवलेली. त्यांना कुठला अनुक्रमांक आणि कुठलं इंटरनेट? मैदानावर तर मोबाइलला रेंजच नसे. फोन करायचा तर गेटपर्यंत चालत जावं लागे.

अशा जुन्या विमानांसाठी मसुद्यात एक पळवाट होती. एफएएने मान्यता दिलेल्या ठराविक जागी आयडीशिवाय उडवता येईल. या जागांच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप सगळे 'फ्रिया' असं म्हणत. एएमएसारख्या संघटनेने आपल्या मैदानासाठी अर्ज करायचा, एफएए तपासून मान्यता देईल. ऐकायला ठीक वाटतं. क्लबाच्या जानेवारीतल्या बैठकीत बरेच जण खूशच होते, की चला, आपलं मैदान वाचलं. बैठक गावातल्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होती. एक निवृत्त वकीलबाई मसुद्याची पानं छापून घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ज नियम लागू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आतच घेतले जातील. त्यानंतर नाही. एकदा मान्यता गेली तर त्या जागेला पुन्हाही नाही.

हॉलमध्ये पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमचं मैदान आहेच, आम्ही बारा महिन्यांत अर्ज करू, मग काय? आजोबांनी मान वर केली आणि विचारलं, "आणि आपण पाचव्या मैदानावर गेलो तर?"

सगळी मेख तिथे होती. मैदानं हलतात. पाण्याची पातळी वाढली, काउंटीने सोलर पॅनेल लावायचे ठरवले, शेतकरी वारला आणि मुलांनी जमीन विकली, की क्लब दुसरी जागा शोधतो. आजवर हे दुःखाचं पण नेहमीचं काम होतं. यादी बारा महिन्यांत बंद झाली असती, तर यापुढे हातून गेलेलं प्रत्येक मैदान कायमचं गेलं असतं, कारण नवी जागा यादीत घालायची सोयच राहिली नसती. जमीनमालकाला कळलं असतं की या क्लबाला दुसरीकडे जाता येत नाही, मग भाडं ठरवताना क्लबाच्या हातात काय उरलं असतं? एकाही मैदानाला टाळं न लावता, कुणालाही बंद करायला न सांगता, यादी आपोआप आकसत शून्याकडे गेली असती.

हे नजरचुकीने झालेलं नव्हतं. मसुद्यातच एफएएचा अंदाज मांडलेला होता, की आयडी नसलेली विमानं हळूहळू निकालात निघतील, आयडी बसवणं स्वस्त होईल आणि अशा मैदानांची गरज कमी होत जाईल. आमच्या धंद्यात याला डेप्रिकेट करणं म्हणतात. जुनी सोय बंद करतोय असं म्हणायचं नाही. ती चालू ठेवायची, नव्या माणसाला द्यायची नाही आणि वाट बघायची. मी स्वतः हे दोनदा केलंय. ज्यांनी जुनी सोय वापरून आपलं सगळं काम उभं केलेलं असतं, त्यांचे ईमेल मग वर्षभर येत राहतात.

शिवाय हे पहिल्यांदा होत नव्हतं. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने उद्यानांत ड्रोनला बंदी घातली, तेव्हा आधीपासून परवानगी असलेल्या मॉडेल मैदानांना वगळलं होतं. जे आहेत ते राहोत. 2019 च्या मे महिन्यात एफएएने जाहीर केलं, की नियंत्रित हवाई हद्दीत छंद म्हणून उडवायचं तर सध्या फक्त यादीतल्या ठराविक मैदानांवरच. (तिथे दोनेक महिन्यांत सर्वांसाठी फोनवरून परवानगीची सोय आली.) दर वेळी म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. जे आहे त्याला हात लागत नाहीये, हे ऐकायला कुणालाही बरं वाटतं.

एएमएकडे त्या वेळी अडीच हजारांच्या आसपास क्लब होते. तिने सभासदांना सांगितलं, एकाच नमुन्याची पत्रं पाठवू नका, तुमची स्वतःची गोष्ट लिहा. आमच्या क्लबात फेब्रुवारीचे चार शनिवार यातच गेले. थंडीने विमानं उडवणं तसंही कठीणच होतं. माझं काम म्हाताऱ्यांना सरकारी वेबसाइटवर मजकूर चढवून देणं. बहुतेकांनी आवेशाने अमेरिकेचं स्वातंत्र्य वगैरे लिहिलं होतं. आजोबांनी अर्ध्या पानात चार मैदानांची यादी दिली. प्रत्येकापुढे कुठल्या वर्षी मिळालं, कुठल्या वर्षी गेलं आणि आता तिथे काय आहे. एक वसाहत, एक गोदाम, एक हायवेचा जोडरस्ता. चौथ्यापुढे जागा मोकळी सोडली. मला विचाराल तर आमच्या क्लबातून गेलेलं ते सर्वांत चांगलं पत्र होतं. त्यात तक्रार कुठेच नव्हती.

एकूण 53 हजारांच्या आसपास मतं गेली. मुदत संपली आणि दोन आठवड्यांत कोविडने सगळंच बंद केलं. काउंटीने मैदानाच्या गेटला कुलूप लावलं, तेव्हा आजोबा फोनवर म्हणाले, निदान हे कुलूप सगळ्यांना आहे.

अंतिम नियम जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरनेटची अट गेली. विमानातून रेडिओने प्रक्षेपण पुरेसं ठरलं, आणि जुन्या विमानावर बाहेरून छोटं उपकरण बसवायची मुभा मिळाली. छंदवाल्यांना प्रत्येक विमानाची वेगळी नोंदणी करायला लागली नाही. आणि बारा महिन्यांची अट काढून टाकली. फ्रियासाठी केव्हाही अर्ज करता येतो, नव्या जागेसाठीसुद्धा. शिक्षणसंस्थांनाही अर्जाचा हक्क मिळाला, जो मसुद्यात नव्हता. मान्यता 48 महिन्यांची, नंतर नूतनीकरण.

मी त्या वसंतात परत आलो. निघायच्या आदल्या शनिवारी आजोबांनी फळीवरून 42 काढून माझ्या हातात दिला. हा त्यांचा चॅनेल. त्यांच्या शेवटच्या 72 मेगाहर्ट्झच्या सेटचा.

आता थोडं उलटं बोलायला हवं, कारण या लढाईची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच विजय म्हणून थांबतात. फ्रिया वाचवताना एएमएने एक गोष्ट मान्य केली, की आयडीशिवाय उडवणं हे कुंपणाच्या आतलं काम आहे. संघटनेत नसलेला, स्वतःच्या शेतात वडिलांचं जुनं विमान उडवणारा माणूस फ्रियासाठी अर्ज करू शकत नाही. त्याने उपकरण विकत घ्यायचं, किंवा 250 ग्रॅमच्या आत राहायचं, किंवा सोडून द्यायचं. ड्रोन शर्यतींचं सामान विकणाऱ्या एका कंपनीने नियमालाच कोर्टात आव्हान दिलं. ही पाळत आहे, नागरिकाच्या खाजगीपणावर घाला आहे, असा तिचा मुद्दा होता. जुलै 2022 मध्ये तो फेटाळला गेला. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण एकट्या माणसाची बाजू इतकी कमी ऐकू आली, याचं एक कारण असं की ज्यांच्याकडे फळी होती, विमा होता, वकीलबाई होत्या, त्यांनी आधी आपलं मैदान बघितलं. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेव्हा त्यांचीच पत्रं चढवत होतो.

आणि मेनार्ड हिल आठवतो. तो मेरीलँडचाच. 2003 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या चमूचं पाच किलोंच्या आतलं बाल्साचं विमान न्यूफाउंडलँडहून सुटून 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. हिल तेव्हा 77 वर्षांचा, जवळजवळ दृष्टी गेलेला. नजरेच्या टप्प्यात, 400 फुटांखाली, मान्यताप्राप्त कुंपणात राहून ते विमान अटलांटिक ओलांडूच शकलं नसतं. ते कुठल्याच मैदानात बसणारं नव्हतं. तशा वेडेपणाला आज कुठला अर्ज भरायचा, मला सांगता येणार नाही.

भारतात मी परतलो त्याच 2021 मध्ये 12 मार्चला मानवरहित विमानांचे नियम आले होते. ते इतके जाचक होते, की पाच महिन्यांत सरकारनेच बाजूला ठेवून 25 ऑगस्टला ड्रोन रूल्स आणले. त्यांत 25 किलोंपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात राहणाऱ्या, शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठीच्या मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही, ही चांगली गोष्ट. आपल्याकडे मैदानाला मान्यता वगैरे भानगड नाही. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फूट, त्यापलीकडे हिरव्यात 400 फूट. लोहगावमुळे पुण्याचा मोठा भाग यात अडकतो. रंग हिरवा असला म्हणून जमीन मिळते असं नाही, हे वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या पोरांना आजही प्लॉट शोधावा लागतो, आणि प्लॉटला आजही पत्रे लागतात.

आम्ही आता शिरूरकडे एका मित्राच्या मामांच्या शेतात जातो. बाजरी निघाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत. मामा विमा मागत नाहीत, पण गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर एक विमान आपटलं तेव्हा म्हशी बुजल्या, आणि मामांना दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर आम्ही एका वहीत कोण, कधी, काय उडवलं ते लिहायला लागलो. वही मामांकडे असते.

मेरीलँडच्या क्लबाला 2023 मध्ये फ्रिया मिळाली. आजोबा आता उडवत नाहीत. हात थरथरतात. पण शनिवारी येऊन बसतात. मध्यंतरी क्लबातल्या एका पोराने फोटो पाठवला. शेडमधली ती फळी, 42 ची जागा रिकामी, आणि तिथे एफएएच्या पत्राची प्रत खिळ्याने ठोकलेली. पत्राच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल पेनने 2027 लिहून त्याभोवती गोल केलाय. खाली आजोबांचं अक्षर मला ओळखू आलं. काउंटीचा भाडेपट्टा त्याच्या एक वर्ष आधी संपतोय, त्याचं काय?